तीन हजार एकावं अक्षर

मिरजेत आता कुणी परकी भाषा शिकत बसत नाही. लावून घेतात, आंब्याला कलम लावावं तशी. मंडईत भेंडी निवडता निवडता एक बाई दुसरीला विचारते, धाकटीनं कोरियन लावलं का चिनी? दुसरी म्हणते, कशाचं काय, अजून नंबरच आला नाही. गाव दवाखान्यांचं, घरटी एक नर्स, आणि तिकडे पूर्वेला म्हाताऱ्या माणसांनी भरून गेलेले देश. त्यांना उचलायला, पुसायला, भरवायला हात हवे होते, आणि हात इकडे होते.

अडचण बोलण्याची नव्हती. चार-सहा महिने कानावर पडलं की जीभ वळते, आणि मिरजेची नर्स मराठी, कानडी, उर्दू आणि थोडंफार इंग्रजी एकाच पाळीत बोलते. तिला पाचवीचं काय. अडचण होती लिपीची. कुणी म्हणेल, समोर धरलं की वाचून दाखवणारी यंत्रं असतात की. होती ना. पण जपानातल्या वृद्धाश्रमांनी नियम केला होता की माणसाच्या खोलीत बघणारं, ऐकणारं काहीही आणायचं नाही. म्हाताऱ्यांची उघडी अंगं आणि त्यांचं झोपेतलं बरळणं यंत्रांमधून कुठल्या कुठे पोचायला लागलं होतं. तेव्हापासून खोलीत जायचं ते फक्त आपले दोन डोळे घेऊन. औषधाचा तक्ता हाताने लिहिलेला, मुलीने आईसाठी ठेवलेली चिठ्ठी हाताने लिहिलेली. ती वाचता आली तर नोकरी.

लिपी डोक्यात लावून देणाऱ्या केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर बारा खुर्च्या होत्या. चार नंबरच्या खुर्चीत मृणाल वाघमोडे बसायची, सकाळपाळी संपवून, दुपारी दोन ते चार.

जपानी लिपी तिने आधी सरळ मार्गाने शिकून बघितली होती, नाही असं नाही. चांगली दोन वर्षं. वॉर्डात सलाईन संपायची वाट बघताना बोटाने तळहातावर गिरवायची. कणीक मळायच्या आधी परातीतल्या पिठावर एक चिन्ह काढायची, बघून घ्यायची आणि मग पाण्याचा हबका मारायची. पोटुशी असताना शिकली, बाळंतीण असताना शिकली. बकुळ झाल्यावर तर तिला अंगावर घेतलं की तिच्या इवल्याशा पाठीवरच बोट चालायचं. पोरगी त्या गिरवण्यावरच झोपायला शिकली.

पण ती चिन्हं म्हणजे वाळूची मूठ होती. रोज पंधरा घ्यावीत आणि रोज तेरा गळावीत. आपल्याकडे क म्हणजे क. शेजारी कोण बसलंय ते बघून तो कधी ख होत नाही. तिकडे एकाच चिन्हाचे तीन-तीन उच्चार, आणि कुठला कधी ते शेजाऱ्यावर ठरणार. एक आडवी रेघ जास्त झाली की 'दिवस'चा 'डोळा' व्हायचा. 'माणूस' जरा उलटा कलला की 'आत जाणं' व्हायचा. काही मात्र तिला फार आवडायची. वर गवत आणि खाली सुख, मिळून औषध. हे तिने सासूलाही सांगितलं होतं आणि सासू म्हणाली होती, लिहिणारा शहाणा दिसतोय. चार वेळा परीक्षेला बसली, चारही वेळा वाचनात राहिली. शेवटच्या वेळी सहा गुणांनी. त्या दिवशी ती घरी आली आणि पुस्तकं पोटमाळ्यावर टाकून निनादला, म्हणजे नवऱ्याला म्हणाली, माझं डोकं भरलं. आता यात काही मावत नाही.

निनाद सांगलीत हळदीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. तोच म्हणाला, मग जागा करून घेऊ. केंद्रात नाव घातलं ते त्याने. मृणालने पुढे जायचं, दोन वर्षांनी नियमाप्रमाणे त्याला आणि बकुळला बोलावून घ्यायचं, बकुळ तिकडच्या शाळेत जाईल, असा सगळा बेत होता.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर वसुधा हेर्लेकर. मेंदूशास्त्रात वीस वर्षं काढलेली बाई, पण समजावून सांगायला लागल्या की शेताच्या भाषेत सांगायच्या, कारण समोर बसणारी दहातली आठ माणसं शेतातूनच आलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मृणालला तिच्याच मेंदूचं चित्र दाखवलं. डाव्या कानाच्या मागे, खोल आत, बोटभर लांबीची एक पट्टी होती.

त्यांचं सांगणं असं की, निसर्गाने माणसाला बघायला डोळे दिले आणि ऐकायला कान दिले, वाचायला काहीच दिलं नाही. वाचणं ही माणसाची अलीकडची टूम, पाचेक हजार वर्षांची. मेंदूत तिच्यासाठी राखीव रान नव्हतंच. या पट्टीत आकार ओळखायचं काम चालतं: पानं, भांडी, चेहरे. मूल अक्षरं शिकतं तेव्हा मेंदू तिथलाच एक तुकडा तोडून अक्षरांना देतो. त्याला केंद्रात 'अक्षरवाफा' म्हणत. बाराखडीला दोन-चार गुंठे पुरतात. जपानी चिन्हांना मात्र एकर लागतो, आणि मोठ्या माणसाची जमीन कडक झालेली असते. म्हणून दंडात एक इंजेक्शन. त्या औषधाने मेंदूची तेवढी पट्टी सहा आठवडे लहान मुलाच्या मेंदूसारखी ओली राहते. त्या ओलीत, डोक्यावरच्या टोपीतले चुंबक रोज सत्तरएक चिन्हं पेरत जातात. सहा आठवड्यांत तीन हजार. यालाच लिपीरोपण म्हणायचं.

मृणाल नर्स होती. मुकाट मान हलवणाऱ्यांतली नव्हती. तिने विचारलं, "एवढं रान येतं कुठून, मॅडम?"

"बांधाकडून. शेजारचा बांध थोडा कोरला जातो."

"आणि शेजारी कोण?"

"चेहरे," डॉक्टर म्हणाल्या. "पण अगदी थोडा. लग्नात एकदाच भेटलेली बाई पुन्हा भेटली तर ओळखू येणार नाही, एवढाच."

"बांधावरून आमच्याकडे डोकी फुटतात."

डॉक्टर मनापासून हसल्या. म्हणाल्या, म्हणूनच दर शनिवारी मोजणी. घरच्या माणसांचे फोटो आणि अनोळखी माणसांचे फोटो मिसळून चाळीस चेहरे दाखवायचे. घरचा एक जरी चुकला तरी रोपण त्याच दिवशी बंद. आजवर कुणाचा चुकलेला नव्हता.

फोटो सुवर्णाआत्तींनी दिले. सुवर्णाआत्ती म्हणजे सासूबाई. मृणाल त्यांना नुसतं आत्तीच म्हणायची. घरातल्या सगळ्यांचे फोटो त्यांच्याच फोनमध्ये असायचे, आणि बकुळचे तर विचारायलाच नको. निनादचे, स्वतःचे, मृणालच्या माहेरचे आणि बकुळचे बारा, असे त्यांनी निवडून दिले. सहा शनिवार मृणालने चाळीसपैकी चाळीस घेतले. चौथ्या शनिवारी तर डॉक्टर म्हणाल्या, तुझा बांध दगडी दिसतोय.

आणि वाचायला यायला लागलं. कसं ते मृणालला कुणाला नीट सांगता यायचं नाही. आधी जिथे काड्यांचा ढीग दिसायचा तिथे आता अर्थच दिसायचा. मधे काही करावंच लागायचं नाही. केंद्रातल्या भिंतीवर एका जपानी म्हाताऱ्याने नातवाला लिहिलेलं पत्र चिकटवलेलं होतं, थरथरत्या हाताचं. सहाव्या आठवड्यात एका दुपारी टोपी काढता काढता तिची नजर त्यावर गेली आणि तिला कळलं की म्हातारा तिला आजवर वाटायचं तसं पेरूच्या झाडाबद्दल नाही, पर्सिमनच्या, म्हणजे तिकडच्या एका केशरी फळाच्या झाडाबद्दल लिहितोय, आणि या वर्षी फळ कमी आहे म्हणतोय. ती तिथेच खुर्चीत बसून रडली. दोन वर्षं जे परातीत पुसलं गेलं ते सगळं एका दमात परत आलं होतं. परीक्षेत शंभरात अठ्ठ्याण्णव पडले. तिकडून पत्र आलं, पुढच्या महिन्यात या.

मधे एक गोष्ट तिच्या मनात येऊन गेली होती, पण तिने ती कुणाजवळ काढली नाही. सकाळी बकुळ उठून बसली की तिच्याकडे बघताना मृणालला वाटायचं, पोरगी रात्रीत बदलली. अंघोळ होऊन बाहेर आली की पुन्हा आपली वाटायची. चौदा महिन्यांची मुलं रोज बदलतातच, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

दवाखान्याचं पाळणाघर कपडे धुतात त्या खोलीच्या मागे आहे. शहनाज मावशी ते सांभाळतात. त्या गुरुवारी मावशींनी पोरांना चिकू कुस्करून दिला होता, आणि चिकूने नऊच्या नऊ पोरं अशी माखली की त्यांनी सगळ्यांना ओळीने नळाखाली धरलं, तोंडं घासून काढली आणि पाळणाघराची पांढरी झबली चढवली. मृणाल दारात आली तेव्हा नऊ पांढरी झबली जमिनीवर रांगत, डुलत, भांडत होती.

ती अर्ध्या दारावर हात ठेवून उभी राहिली. एक पोर तिच्याकडे बघून उठलं, दोनदा आपटलं, तरी आलं आणि तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. मृणालने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. नर्सचा हात, कुणाच्याही पोराच्या डोक्यावरून फिरतो. आणि तिने आत बघत विचारलं, "मावशी, बकुळ झोपलीय का?"

मावशी हसायला लागल्या. "अगं, पायाला कोण लटकलंय मग?"

मृणालने खाली बघितलं. एक चेहरा वर बघत होता. दोन डोळे, नाक, चार दात. सगळं जागच्या जागी होतं आणि कुणाचंच नव्हतं. तिने पोर उचलून घेतलं. टाळूवरच्या तेलाचा आणि मानेच्या वळीतल्या आंबूस दुधाचा वास आला आणि अंगाला कळलं की हीच. डोळ्यांना नाही कळलं. ती डोळे मिटायची, बकुळ असायची. डोळे उघडायची, दुसऱ्याचं मूल कडेवर. मावशी अजून हसत होत्या. मग थांबल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हेर्लेकरांनी पहिल्यापासूनच्या मोजण्या काढल्या. आत्ती बकुळला कडेवर घेऊन शेजारी बसल्या होत्या. डॉक्टर पडद्यावर बकुळचे फोटो एकामागून एक सरकवत होत्या आणि मृणाल प्रत्येकाला बकुळ, बकुळ म्हणत होती. चूक एक नाही. डॉक्टरांनी पडदा थांबवला. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, हे फोटो काढले कुणी?

"म्याच काढल्यात," आत्ती म्हणाल्या. "आणि नीट काढल्यात. मशिनीला दाखवायचं म्हटल्यावर तीट लावल्याबिगर पोरीचा फोटो कोण देईल?"

डॉक्टर पडद्याकडे वळल्या. बाराही फोटो त्यांनी एकत्र पडद्यावर मांडले. बाराही फोटोंत डाव्या गालावर काजळाचा एक टिपका होता, आत्तींच्या करंगळीचा, जरासा लांबट. अंघोळ झाली की रोज लागायचा. डॉक्टरांनी उठून एका फोटोतल्या त्या टिपक्यावर अंगठा ठेवला.

"ही कोण?"

"कुणाचं तरी बाळ आहे," मृणाल म्हणाली.

आत्तींनी पदराचं टोक तोंडात धरलं.

डॉक्टर खुर्चीत परत बसल्या. मोजणीची पद्धत बाहेरून आलेली होती, त्यात सगळं लिहिलेलं होतं: चष्मा काढा, दागिने काढा, केस मागे बांधा, कपड्याची कड दिसू देऊ नका. तीट कुणी लिहिली नव्हती. "माझ्या दोन्ही मुलांना मी लावायचे," त्या म्हणाल्या. "तुझे फोटो मी स्वतः तपासले, मृणाल. मला ती दिसलीच नाही. आपल्याला ती तोंडाचाच भाग वाटते."

मग बकुळच का, निनाद का नाही, आत्ती का नाही, हे त्यांनी समजावलं. जुन्या चेहऱ्यांची मुळं खोल गेलेली असतात. बांध कोरला तरी ती झाडं उभी राहतात. बकुळ सव्वा वर्षाची. तिचं रोप वरच्याच मातीत होतं, आणि आठवड्याला पान बदलणारं. फाळ लागला तो तिथे. पुन्हा ओळख करून घेता येईल का, या प्रश्नावर त्यांनी नकाराची मान हलवली. नवं रोप धरायला तिथे आता माती उरलेली नव्हती.

"मग ते जपानी काढून घ्या की," आत्ती म्हणाल्या. "आमास्नी न्हाई पायजे."

पेरलेलं उपटता येत नव्हतं. एकच आशा होती, आणि तीही डॉक्टरांनी चाचरतच सांगितली: वाचन पूर्ण थांबवलं, मराठीसुद्धा, घड्याळातले आकडेसुद्धा, तर वर्ष-दीड वर्षात बांध कदाचित हातभर मागे सरकेल. पण डोळ्याला वाचू नकोस असं सांगता येत नाही. पायाला सांगता येतं, चालू नकोस. हाताला सांगता येतं. डोळ्यासमोर अक्षर आलं की ते वाचून झालेलंच असतं. बिस्किटाच्या पुड्यावर, रिक्षाच्या पाठीवर, कॅलेंडरवर. म्हणजे डोळे बांधूनच राहायला हवं.

मृणालने बांधले. रजा टाकली आणि निनादच्या जुन्या धोतराची पट्टी चार पदरी करून बांधली. नऊ दिवस ती तशी राहिली. आत्ती हाताला धरून मोरीपर्यंत न्यायच्या, निनाद जेवायला वाढून ताटात भाजी कुठे, भात कुठे ते सांगायचा. तिने मनाशी हिशेब केला की तोंड दिसलं नाही तरी पोर मांडीवर तर असेल. पण बकुळ त्या पट्टीला भ्यायली. आईचा आवाज ऐकून धावत यायची, दोन हातांवर थांबायची आणि मागे फिरायची. नवव्या दिवशी दुपारी मृणालला तिचं स्फुंदणं कोपऱ्यातून ऐकू आलं. तिने हात पुढे केले, तसं ते आणखी लांब गेलं. तिने पट्टी सोडली. पहिलं काय दिसलं, तर भिंतीवर दूधवाल्याचं कॅलेंडर, आणि ते तिने वाचलं. खाली कोपऱ्यात एक अनोळखी मूल रडत होतं.

जपानला ती गेली नाही. निनादने एकदा म्हणून बघितलं, की इथे राहून तरी काय होणार आहे; दोन वर्षांचा तर प्रश्न. तिने त्याला विचारलं, "दोन वर्षांनी विमानातून दहा पोरी उतरतील. त्यातली मी कुठली उचलू?" त्यानंतर तो विषय निघाला नाही. तिची जागा कुपवाडच्या एका मुलीला मिळाली, आणि तीन हजार चिन्हं मिरजेत राहिली, कुठल्यातरी आयात औषधाच्या खोक्यावर महिन्यातून एकदा उपयोगी पडत.

पावसाळा लागता लागता डॉक्टर हेर्लेकर स्वतः घरी आल्या. चहा घेतला नाही. बकुळ फरशीवर डबे वाजवत होती, तिच्याकडे बघत म्हणाल्या, "चेहरा मला देता येणार नाही. चिन्ह देता येईल."

त्यांनी सांगितलं ते असं. मृणालचा अक्षरवाफा सुपीक होता, तिथे काहीही रुजत होतं. तीन हजारांत आणखी एक सहज मावेल. बकुळचा चेहराच एक अक्षर म्हणून पेरायचा. भुवयांच्या दोन रेघा, नाकाची एक, ओठांची वळणं, हनुवटीचा कंस. मृणाल तिला ओळखणार नाही, वाचेल. पण वाचणं ओळखण्याइतकंच चटकन होतं. नऊ पोरांत उभी राहिली तरी हीच म्हणून बोट दाखवता येईल.

आत्तींनी विचारलं, "वाचल्यावर माया येती का, बाई?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मृणालने मात्र लगेच हो म्हटलं. तहानलेल्याने भांडं कशाचं ते विचारू नये.

चिन्हासाठी चेहरा स्थिर लागत होता. अक्षर ते, रोज एकसारखंच असायला हवं. रडका नको, हसरा नको, तोंड मिटलेलं, हनुवटी जरा वर. सतरा महिन्यांच्या पोरीचे असे सात फोटो काढायला तीन दिवस लागले. खुळखुळा वाजवला तर हसायची, नाही वाजवला तर उठून जायची. शेवटी आत्तींनी तिच्यासमोर बसून काही न बोलता नुसतं तिच्याकडे बघायचं, असं ठरलं. आजी का बोलत नाही ते कळेना म्हणून पोर गप्प होऊन बघत राहायची, आणि तेवढ्यात फोटो व्हायचा. या वेळी तीट पुसली होती.

दहा दिवस टोपी, दंडात एक सुई. अकराव्या दिवशी सकाळी मृणाल घरी आली. बकुळ उंबऱ्यावर बसून तिच्याकडे बघत होती, आणि मृणालच्या डोक्यात, तिच्याच आवाजात, पाटी वाचावी तसं आलं: बकुळ.

तिने पुन्हा बघितलं. बकुळ. मान फिरवून पुन्हा बघितलं. बकुळ. आत्तींनी देवापुढे नारळ फोडला, निनादने शेजाऱ्यांना पेढे वाटले आणि कशाचे ते सांगितलं नाही. मृणाल दिवसभर लेकीकडे बघत बसली. नाव दर वेळी बरोबर यायचं. नावामागून आणखी काहीतरी यायचं राहिलंय असं वाटून ती वाट बघायची. पण नाव तरी येत होतं.

संध्याकाळी निनादने बकुळला खांद्यावर घेऊन घोडा केला आणि पोरगी खदखदून हसली. गाल वर गेले, डोळे बारीक झाले, ओठ फाकले, नाकाचा शेंडा पसरला. सगळ्या रेघा जागच्या हलल्या. मृणालच्या डोक्यातली पाटी कोरी झाली. नवऱ्याच्या खांद्यावर कुणाचं तरी मूल हसत होतं.

तिने डॉक्टरांना फोन केला. हसणंही पेरता येईल का? डॉक्टरांनी तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, किती हसणी पेरणार? आपण जेवढी धरून पेरू त्याच्यापेक्षा वेगळंच ती उद्या हसेल. शिवाय पोर वाढतंय, तीन-चार महिन्यांनी हेच चिन्ह बदलून घ्यायला यावं लागेल, आणि ओलीचं औषध माणसाला किती वेळा द्यायचं त्यालाही मर्यादा आहे. जितकी वर्षं निघतील तितकी काढू.

पहिल्यांदा तोंडातून गेलं ते तिच्या लक्षातही आलं नाही. बकुळ तिच्या मांडीवर बसून आपल्याच पायाच्या बोटांना हसत होती आणि मृणाल तिच्याकडे बघून अगदी लाडाने म्हणाली, "हसू नको ना राजा, जरा गप्प बस. आईला बघू दे." स्वयंपाकघरात आत्तींच्या हातातला झारा थांबला. पुढे त्याही मृणालची पाळी संपायच्या सुमाराला बकुळला शांत करून बसवायला लागल्या. आई येईल हं आता, हसणं पुरे.

दिवाळीपर्यंत चिन्ह एकदा बदलून झालं होतं. बकुळ पावणेदोन वर्षांची झाली होती आणि शब्द बोलायला लागली होती, पण आईजवळ फारसं बोलायची नाही. बोलताना तोंड हलतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच हेरलं असावं.

त्या दिवशी मृणाल पाच वाजता घरी आली. जिन्यातच तिला आतला हसण्याचा आवाज ऐकू आला. निनादला सुट्टी होती. तो उशीखाली तोंड लपवत होता आणि एकदम बाहेर काढत होता, आणि दर वेळी पोरगी श्वास अडकेपर्यंत हसत होती. आवाज मृणालच्या ओळखीचा होता, अगदी आतपर्यंत ओळखीचा. ती चार पायऱ्या तशीच उभी राहिली. मग वर आली आणि दार ढकललं.

बकुळने तिला बघितलं. हातातली उशी खाली ठेवली. चालत आली, आईच्या पुढ्यात दोन फरश्यांच्या अंतरावर उभी राहिली, आणि दोन्ही तळहातांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड पुसलं, एकदा, मग पुन्हा एकदा. ओठ मिटले. हनुवटी जरा वर केली आणि डोळे न हलवता वाट बघत राहिली.

मृणालने वाचलं.

"बकुळ," ती म्हणाली.

नाव ऐकल्यावर पोरगी वळली, बापाकडे पळत सुटली, आणि आईकडे पूर्ण पाठ झाल्यावर मगच पुन्हा हसली.